थोडं उंचच ठेवायचं

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या कवळीकाकांचं आयुष्यभर त्यावरच भरत आलं होतं.

दवाखाना वरच्या मजल्यावर आणि काकांची लॅब खाली, जिन्याच्या मागे. मी वर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे काम करते. फोन घेते, पेशंट आत सोडते, कुणी फारच घाबरला तर त्याचा हात धरून उभी राहते. मी काही नर्स नाही, पण पांढरा कोट घातला की सगळे सिस्टर म्हणतात आणि मीही कशाला नाही म्हणू? डॉक्टरीणबाईंनी घेतलेली तोंडाची मापं खाली पोचवायची आणि तयार झालेल्या कवळ्या वर आणायच्या, हेही माझ्याच गळ्यात. दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा डबा घेऊन मी लॅबमध्येच जाऊन बसते. वर औषधांच्या वासात घास उतरत नाही. खाली मेणाचा आणि स्पिरिटच्या दिव्याचा वास असतो, तो चालतो.

लॅब म्हणजे एक लांब टेबल आणि त्यावर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. कुणाचे वेडेवाकडे, कुणाचे साफ बोडके. एवढ्या तोंडांमध्ये बसलेल्या काकांशी दिवसभर एकही तोंड बोलत नसे. ज्यांचे दात केले त्यांना त्यांनी कधी पाहिलेलंही नसायचं. एकदा जिन्यात एक आजीबाई फोनवर हसत हसत खाली उतरत होत्या. काका भिंतीला चिकटून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "अहो, जरा बाजूला व्हा की," आजी डाफरल्या. काका बाजूला झाले आणि वर येऊन मला हळूच म्हणाले, "माझीच होती. सुळा जरा जास्तच पांढरा झालाय." मला हसू आलं, आणि नंतर जेवताना उगीचच वाईट वाटत राहिलं.

बायको गेली होती. एकुलती एक मुलगी लांबच्या शहरात, कसल्याशा अवाढव्य गोदामात पाळीची नोकरी करायची. आई होती तोवर फोन आईच्या हातात असे, आणि काका शेजारी बसून "माझा पण नमस्कार सांग" म्हणत. आई गेली आणि बाप-लेक एकमेकांसमोर उघडे पडले. त्यांचा फोन मी माझ्या कानांनी ऐकलाय. "जेवलीस का?" "जेवले. तू?" "जेवलो." "बरं." "बरं." की झालं! मला तर वाटायचं, फोन हिसकावून घ्यावा आणि दोघांनाही चार शब्द सुनवावेत. पण आपण कोण? लष्कराच्या भाकऱ्या भाजायची सवय मला आहेच, निदान समोरच्याने पीठ तरी आणून द्यावं.

मग एकदा मुलगी सुट्टीला आली आणि जाताना बापाच्या मोबाइलवर एक गेम टाकून गेली. एक लढवय्या असतो, तो गुहांमधून राक्षस मारत हिंडतो. त्याला तलवार, ढाल, चिलखत, शिरस्त्राण, हातमोजे, बूट असं सगळं मिळत जातं. त्यातलं काय घालायचं ते आपण निवडायचं आणि घातलेलं अपग्रेड करत न्यायचं. गुहेत जोडीने जाता येतं आणि लढताना एकमेकांशी बोलताही येतं. मुलीला बुधवारी सुट्टी. त्यामुळे बुधवारी दुपारी आमचे काका, नाकावर चष्मा, बोटांना प्लास्टर, मोबाइल विझवलेल्या स्पिरिटच्या दिव्याला टेकवून, राक्षस मारायला बसू लागले.

आणि काय सांगू, दोघं बोलायला लागली! हात गुंतलेले असले की माणसाची जीभ सुटते, हे मला तेव्हा कळलं. "बाबा, डावीकडून येतोय, डावीकडून!" "अगं दिसला मला. तुझ्या खोलीतला नळ झाला का नीट?" "कुठला होतोय! घरमालक ऐकतच नाही. बाबा, ढाल वर घे!" मी डबा खात ऐकत असे. नळ, घरमालक, नवी मैत्रीण, मैत्रिणीशी झालेलं भांडण, सगळं मला पाठ झालं. सुरुवातीला काकांकडे काहीच नव्हतं म्हणून मुलीने आपल्याकडची एक लाकडी ढाल आणि चामड्याचं जुनं बंडीसारखं काहीतरी त्यांना देऊन टाकलं. "राहू दे तुला. तू आधी मरू नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली होती.

मधल्या दिवसांत मात्र काकांना करमेना. मग ते एकटेच गुहांमध्ये जाऊ लागले. मिळालेल्या वस्तू ते दातांसारख्या पारखायचे. दोन शिरस्त्राणं शेजारी शेजारी ठेवायची, मोबाइल खिडकीकडे धरायचा, आणि मला विचारायचं, "सिस्टर, हे घेऊ की ते? याने मार कमी बसतो, पण धाव मंदावते." मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. मी म्हणायची, "काका, आधी माझ्या तीन नंबरच्या पेशंटची कवळी घ्या हातात." पण मुलीने नीट शिकवलं होतं. नुसता मोठा आकडा बघू नकोस, बूट हलके घे, संकटात पळता आलं पाहिजे. काकांनी बूट हलके घेतले. बाकी सगळं मात्र चढवत नेलं.

अपग्रेड करायचं तर दुसऱ्या वस्तू वितळवून त्यात घालाव्या लागत. मेण वितळवण्यात जन्म गेलेल्या माणसाला त्यात काय वावगं वाटणार? उरलेलं मेण लॅबमध्ये कुणी टाकून देत नाही. एक एक जुनी वस्तू गेली. शेवटी लाकडी ढालही गेली आणि बंडीही.

"बाबा, मी दिलेली ढाल कुठंय?" एका बुधवारी मुलीने विचारलं.

"अगं, तिचीच ही नवी झाली. बघ, कशी झळकतेय!"

"अच्छा," ती म्हणाली. आणि पुढच्या राक्षसावर एकटीच धावून गेली.

मी काकांना म्हटलं होतं, "एवढं कशाला चढवताय? तिला कुठे वेळ असतो तुमच्याएवढा?" तर त्यांनी मला त्यांच्या धंद्याचा नियम ऐकवला. "सिस्टर, थोडं उंचच ठेवायचं. दात उंच राहिला तर डॉक्टरीणबाई पेशंटला निळा कागद चावायला देतात, डाग उमटेल तिथे घासतात, दोन मिनिटांचं काम. बुटका राहिला की सगळं नव्याने. जास्त झालं तर कमी करता येतं." आणि त्यांचा हेतूही सरळ होता. पोरीच्या पुढे उभं राहायचं आणि राक्षसाचा मार आपण खायचा. गोदामातल्या साहेबाचा मार काही त्यांना खाता येत नव्हता.

पण त्या गेममध्ये कानस नव्हती. एका बुधवारी दोघं नेहमीच्या गुहेच्या दाराशी आली आणि दार उघडेना. वर पाटी आली की जोडीदारांच्या ताकदीत फार तफावत आहे. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचलं. मुलगी पाळ्या करून दमलेली, ती होती तिथेच राहिली होती, आणि बापाने चढवत चढवत स्वतःला डोंगरावर नेऊन ठेवलं होतं. अति तिथे माती ती हीच.

"हे घासून कमी नाही का करता येत?" काकांनी विचारलं.

"नाही बाबा. एकदा चढवलं की चढवलं." मग ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "असू दे. तू पुढे गेलास. आता मोठ्या लोकांबरोबर खेळ."

त्यानंतरचे बुधवार मला आठवले तरी राग येतो. काका मोबाइल दिव्याला टेकवत आणि नुसते बघत बसत. त्यांचा लढवय्या चकचकीत चिलखत घालून गेममधल्या चौकात एकटा उभा, आजूबाजूने अनोळखी लोक पळतायत. मी म्हटलं, "नवा गडी घ्या, पहिल्यापासून सुरू करा." तर म्हणे नव्याची ताकद तिच्यापेक्षा फारच कमी पडते, दार तेव्हाही उघडत नाही. जुनं काही घालावं तर जुनं सगळं वितळलेलं. मी म्हटलं, "मग साधा फोन करा ना पोरीला!" त्यांनी केलाही. "जेवलीस का?" "जेवले." "बरं." फोन ठेवून काका प्लास्टरच्या एका जबड्यावरची धूळ फुंकत बसले. धूळ तिथे नव्हतीच.

माझा राग नाकावर असतो, हे सगळा दवाखाना जाणतो. पुढच्या बुधवारी माझं डोकं आधीच तापलेलं. सकाळपासून एकच पेशंट फोन करून छळत होता की नवी कवळी टोचते. चौथ्यांदा त्याचा फोन लॅबमध्ये डबा उघडतानाच आला. "अहो, टोचतेय ना? मग काढून ठेवा!" मी ओरडले. "काढून ठेवली म्हणून तोंड कुठे जाणार आहे तुमचं?" फोन आपटला आणि समोर बघितलं तर काका तसेच चौकातल्या त्या नटव्या शिपायाकडे टक लावून बसलेले. त्याच झटक्यात त्यांच्यावरही ओरडले. "आणि तुम्हीही काढा ते सगळं! नाही जमत ना त्यात? मग ठेवा काढून!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग मोबाइल हातात घेतला.

आधी शिरस्त्राण काढलं. ताकदीचा आकडा घसरला. मग चिलखत. मग ढाल, ती झळकणारी. हातमोजे काढले. बूट काढताना जरा थांबले, तेही काढले. शेवटी तलवार खाली ठेवली. खेळून खेळून अंगात मुरलेली ताकद तेवढी उरली आणि आकडा लेकीच्या आकड्याजवळ येऊन थांबला. पडद्यावर एक काटकुळा माणूस उरला, मळकी चड्डी आणि अनवाणी पाय. इतक्या दिवसांत त्या लोखंडाखाली एवढंसंच माणूस होतं, हे मी पहिल्यांदा बघितलं. काकांनी मुलीला निरोप धाडला, "गुहेपाशी ये. दार उघडेल."

ती येईल असं त्यांना वाटत नव्हतं. मलाही नव्हतं. माझा डबा संपला, काकांचा चहा गार झाला. आणि मग मोबाइलमधून आवाज आला.

"बाबा? अरे, तुझे कपडे कुठे गेले?"

"काढले."

"सगळे?"

"सगळे. नाहीतर दार उघडत नव्हतं ना."

ती खळखळून हसली आणि दार उघडलं. आत शिरताच पहिल्याच राक्षसाने काकांना एका फटक्यात आडवं केलं. गेमचा नियम असा की पडलेला गडी जोडीदार लढतोय तोवर तिथेच पडून राहतो, पण त्याला बोलता येतं.

"थांब, उठवते तुला," ती म्हणाली.

"नको गं. परत पडणारच मी. तू लढ. मी इथेच आहे. तुझ्या त्या नळाचं काय झालं, सांग."

 पडद्यावर तिची लढवय्या बापाजवळ येऊन उभी राहिली आणि तलवार हलेनाशी झाली. राक्षस तिला मारत होता आणि ती मारून घेत होती. "अगं, हात चालव! मागे बघ!" काका ओरडले. तिने हात चालवला नाही. तीही काकांच्या शेजारी कोसळली. पडद्यावर विचारणा आली, पुन्हा खेळायचं की बाहेर पडायचं. कुणीच काही दाबलं नाही.

"बाबा," तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला इथे फार एकटं वाटतं रे."

काकांनी चष्मा काढून टेबलावर, जबड्यांच्या मध्ये ठेवला. "मलाही गं," ते म्हणाले. "मलाही फार वाटतं."

मी डबा उचलला आणि दार हळूच ओढून घेऊन वर गेले.