वळणावरच्या दोन पायऱ्या

आमच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत, अन् जिना मात्र विषम पायऱ्यांचा. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी पोट धरून हसलो असतो. पण केलं मीच.

देवगाव रंगारी सोडून आम्ही संभाजीनगरात आलो. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही, असं घर बांधायला काढलं. जिना मध्येच वळत होता. वळणावरची चौकोनी सपाट जागा धरून पायऱ्या सोळा भरत होत्या. मिस्त्री म्हणाला, "मालक, वास्तूत सम नाय चालत. उद्या घर विकायचं झालं तर गिऱ्हाईक आधी पायऱ्या मोजतं." वाढवायला जागा नव्हती. मग तो चौकोन तिरपा कापून त्याच्याच दोन पायऱ्या करू म्हणाला. आई तिथंच बांधकामावर पाणी मारत होती.

"येड्यांनो, म्हाताऱ्या माणसानं दम कुठं घ्यायचा?" ती म्हणाली. "अन् सम-विषम आपल्यात कवापासून आलं रं?"

मी म्हणालो, "आई, तुला नाय कळायचं त्यातलं." आजही हे आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

त्या दोन पायऱ्या भिंतीकडं ऐसपैस, कठड्याकडं जेमतेम चार बोटं. म्हातारं माणूस कठडा धरूनच उतरणार, अन् कठडा धरला की पाय त्या चार बोटांवर पडणार. आई तिथंच पडली. खुब्यात रॉड टाकावा लागला. दवाखान्यातून आणलं तेव्हा मी अन् शेजाऱ्यानं तिला खुर्चीत बसवून वर चढवलं. वळणावर माझाच पाय सटकला, खुर्ची कलली, ती केवढ्यानं ओरडली! तेव्हापासून खुर्चीचं नाव काढू देत नाही. दोन वर्षं झाली, वरच आहे.

गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे. तिथली वंदना ती खिडकीत हात जोडून म्हणते. जिना पाडून नवा करावा म्हटलं, तर मिस्त्री म्हणतो, आधी म्हातारीला खाली आणा. आता बोला! कुठल्या जिन्यानं आणू?

यंदा बुद्धपौर्णिमेला ती पांढरं लुगडं नेसून दारात उभी राहिली. "चल, बघू," म्हणाली. वळणापर्यंत कशीबशी आली. मी एक पायरी खाली, तिचे दोन्ही हात धरून. तिनं पाय पुढं टाकला, चाचपला, मागं घेतला. पुन्हा टाकला. पुन्हा मागं घेतला. विहारात वंदना सुरू झाली होती. शेवटी ती मटकन खाली बसली.

"आई, माझंच चुकलं गं."

"तुझं काय नाय. मीच तवा आडवी पडायला पायजे होते. लेक शिकलाय म्हणलं, अन् गप बसले."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला धरून परत वर नेलं. तिनं लुगडं बदललं अन् घडी घालून ठेवून दिलं.