पाळणा माझा होता

माझ्या धाकट्या भावाची नात पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीला शहाद्याला आली तेव्हाही तो कॉम्प्युटर तिच्या मांडीवर होताच. दिवसभर तोंड पाडून बसलेली. विचारलं तर म्हणाली, "आजोबा, नवीन बिल्ड सिस्टिम बसवतेय, सुरूच होत नाही."

मी तिला समजावून सांगायला लावलं. तिने सांगितलं ते असं. प्रोग्रॅम म्हणजे एक अखंड वस्तू नाही, त्याचे शेकडो तुकडे असतात. कुठला तुकडा कुठल्यावर टेकतो ते आधी लिहून द्यायचं. मग ही सिस्टिम खालपासून वरपर्यंत सगळं क्रमाने जुळवते. पुढे एखादा तुकडा बदलला, तर तो आणि त्याच्यावर टेकलेले तेवढेच पुन्हा जुळवते. पण पहिल्यांदा सुरू करताना ती एक वस्तू मागते, ती आणून दिली की ती वस्तू दुसरी मागते, आणि दुसरी मिळाली की पहिलीच बिनसते.

मी म्हटलं, हे काम मी प्रकाशा गावच्या यात्रेत, तापीच्या वाळूत केलं आहे, तेव्हा आमच्याकडे वीजही आली नव्हती. पोरगी हसली. म्हणाली, "हां, तो वहिनीचा पाळणा ना?"

तेव्हा हिचा बापसुद्धा जन्मला नव्हता. तरी हिच्या तोंडीही तेच नाव. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी कुणाच्या गादीवर बसलो नाही. दुसऱ्यांचे बैल बाजारापर्यंत हाकत नेण्यापासून सुरुवात केली आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदा करण्यापर्यंत पोचलो. साठ सालानंतरची गोष्ट. यात्रेत बैल विकायला उभा असताना माझं लक्ष सारखं पलीकडच्या पाळण्याकडे जायचं. चार पेट्यांचा, माणसांनी हाताने फिरवायचा लाकडी पाळणा. तो कडबा खात नव्हता, लंगडत नव्हता, आणि म्हातारा झाला तरी कुणी त्याचे दात बघायला येत नव्हतं. मी घरचे होते नव्हते तेवढे बैल विकले आणि गुजरातच्या हद्दीतल्या एका म्हाताऱ्या मालकाचा पाळणा घ्यायला गेलो. यात्रेत पाळणा फिरला तर मी मालक. नाही फिरला तर पुन्हा दुसऱ्याच्या बैलामागे काठी घेऊन चालणं. मधलं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

म्हाताऱ्याने भाव सांगितला त्यात पाळणा होता आणि पहिल्या वेळी उभा करून देणारा त्याचा माणूस होता. मी म्हटलं, माणूस नको, लाकडं दे. तो म्हणाला, माणूस घेऊन जा, उपयोगी पडेल. विकणारा एखादी गोष्ट आग्रहाने देऊ लागला की ती घ्यायची नाही, हा माझा धंद्यातला नियम. मी तासभर भांडून तो माणूस भावातून कापला. म्हाताऱ्याने फारसं ताणलं नाही, उलट चहा पाजला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता असं लोक आता सांगतात. लोकांना नंतर फार कळतं.

गाडीतून लाकडं उतरवली तर ती म्हाताऱ्या बैलासारखी दिसत होती. काळपट, तेलकट, जागोजागी लाल ठिपक्यांनी बरबटलेली. बाजारात जनावर नेण्याआधी आम्ही काय करतो? धुतो, शिंगं तासतो, रंगवतो. गिऱ्हाईक आधी शिंगं बघतं, मग खूर. मी धुण्याचा सोडा आणि काथ्या घेऊन दोन गडी बसवले, लाकडं पार घासून घेतली आणि वर निळा-पिवळा तेलरंग दिला. आळीतली माणसं बघायला आली. असा देखणा पाळणा खानदेशात नव्हता. फक्त तो अजून पाळणा नव्हता, रंगवलेल्या लाकडांचा ढीग होता.

यात्रेच्या जागी नदीकाठी माल पोचला तेव्हा लोणखेड्याचा सुतार बरोबर घेतला होता. गाड्या बनवणारा चांगला कारागीर. त्याने दोन खांब पुरले, त्यांवर आस चढवला, मधल्या तुंब्यात, म्हणजे चाकाच्या गाभ्यात, पेट्या टांगायचा एक हात बसवला, दुसरा बसवला. तिसरा बसेना. तुंब्याचं भोक चौकोनी, हाताच्या टोकाची खुंटीही चौकोनी, पण सगळं हाताने घडवलेलं, त्यामुळे प्रत्येक खुंटीचं भोक ठरलेलं. तिसरा बसावा म्हणून पहिला काढला, तर पहिल्याच्या जागी चौथा बसला आणि दुसरा ढिला झाला. संध्याकाळी सुताराने घाम पुसत विचारलं, "शेठ, जोडांवर काही खुणा व्हत्यात का?"

तेव्हा मला ते लाल ठिपके आठवले. एक ठिपका एका ठिपक्याला, दोन दोनाला, तीन तीनाला. म्हाताऱ्याने सगळा पाळणा ठिपक्यांत लिहून दिला होता आणि मी तो सोड्याने धुतला होता. सुताराला मी एवढंच म्हटलं की मालक लबाड निघाला. ते काही खोटं नव्हतं. खुणा आहेत हे त्याने सांगायला हवं होतं. सांगणाऱ्या माणसाचा भाव मीच कापला, असं यावर माझी बायको म्हणते. तिचं मत वेगळं आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जत्रेकरू यायला लागले होते. पेढेवाले, बांगडीवाले दुकानं मांडत होते आणि मधल्या वेळात आमच्याकडे बघत होते. हात चढायचे आणि उतरायचे. एकदा एक हात सुटून वाळूत पडला, कुणाला लागलं नाही, पण बघितला सगळ्यांनी.

मग मला सुचलं, आणि हे मलाच सुचलं, सुताराला नाही, हे इथे लिहून ठेवतो. पाळणा उभा करत जुळवायचा कशाला? आडवा करू. वाळू सपाट करून घेतली आणि सगळा पाळणा तिच्यावर निजवला. तुंबा मध्ये, हात भोवती. आडवा असला की काही पडत नाही, काही तोलायचं नाही, एक चुकलं म्हणून बाकीचं उतरवायचं नाही. प्रत्येक खुंटी प्रत्येक भोकात घालून बघितली. ज्याचं त्याला सापडलं की दोन्हीकडे पटाशीने खाच मारली. रंगाचे ठिपके नाहीत, खाचा. पुन्हा कुणी सोडा आणला तरी धुवून जाणार नाहीत. कुठला हात कुठल्यावर टेकतो ते सगळं लाकडातच लिहून झालं, मग सुटा करून खाचांप्रमाणे उभा केला तर संध्याकाळच्या आत पाळणा उभा. पुण्याच्या पोरीला हे सांगितलं तेव्हा ती हसायची थांबली होती.

यात्रेचा पहिला दिवस. पाळणा निळा-पिवळा झळकत होता आणि कुणी बसेना.

आदल्या दोन दिवसांत सगळ्या यात्रेने तो पडताना बघितला होता. मी सकाळपासून ओरडत होतो. अर्ध्या भावात बोलावलं, कुणी आलं नाही. शेवटी मी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. म्हटलं, पहिला फेरा फुकट. तर गर्दी होती ती एक पाऊल मागे सरली. पुढे एक म्हातारा शेतकरी उभा होता, माझ्याकडून तीनदा बैल घेतलेला. तो शेजारच्याला मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाला, "हाऊ फुकट देई ऱ्हायना? मंग नक्कीच काहीतरी खोट शे."

तितक्यात माझी बायको, आळीभरची वहिनी, भाकरीचं फडकं घेऊन आली. तिने गर्दीकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. फडकं सुताराच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी बठस. पन तुम्ही समोरनी पेटीमा बठा."

मी म्हटलं, "मी खाले उभा राहीसन देखस." मालकाने खाली उभं राहायला हवं, खांब कसे सोसतात ते कुणीतरी बघायला हवं. यात घाबरण्याचा प्रश्न नव्हता.

ती म्हणाली, "बैल इकतांना त्यानी पाठवर हात फिरावतस ना? मंग आठे काबर लांब उभा ऱ्हातस?"

म्हातारा शेतकरी हसला. त्याच्यामागे सगळे हसले. आणि सुतारही तिच्या बाजूने झाला. म्हणाला, एकच पेटी भरली तर ती खालीच बसेल, समोर वजन पाहिजेच. माझ्या सुताराला मजुरी मी देत होतो हे तो विसरला.

मी बसलो. ती समोर बसली. गड्यांनी रेटा दिला. ती वर गेली की मी खाली, मी वर गेलो की ती खाली. आस कुरकुरला, पण खाचा हलल्या नाहीत. चार-पाच फेऱ्यांनंतर गडी थांबले ते नेमके ती सगळ्यात वर असताना. वरून तिला सगळी यात्रा दिसत होती, नदी दिसत होती, आणि सगळ्या यात्रेला ती दिसत होती. डोक्यावरचा पदर एका हाताने धरून तिने खाली हाक मारली, "या वं बाया, पक्का शे पाळणा."

आणि त्या आल्या. आधी दोन-तीन, मग रांग. संध्याकाळपर्यंत गड्यांना पाणी प्यायला सवड नव्हती. त्या यात्रेनंतर मला कुणाच्या बैलामागे चालावं लागलं नाही. पण त्याच संध्याकाळी रांगेतली एक बाई दुसरीला सांगत होती, "वहिनीना पाळणामा बठ, तो पक्का शे." ते नाव पुढे प्रत्येक यात्रेत माझ्या आधी पोचायचं.

आता माझं म्हणणं. ती वर थांबली, कारण मी खाली होतो. माझं वजन नसतं तर ती वर थांबलीच नसती, घसरत खाली आली असती. मी गड्यांच्या मागे, खांबाच्या आड, जमिनीला टेकलेल्या पेटीत बसलो होतो, म्हणून कुणाला दिसलो नाही. मी तिथून ओरडून सांगतही होतो की मीबी बठेल शे, समोरचं वजन माझं शे. जुनी माणसं अजून सांगतात की वहिनी वरून हसत होती आणि शेठ खाली भीतीने ओरडत होता.

मी ओरडत होतो, हे खरं आहे. पण मी हिशेब सांगत होतो.