रोज उघडा पडणारा समुद्र

गेल्या हिवाळ्यात मी, माझे पती आणि सासूबाई असे तिघं अंदमानला गेलो. सासूबाईंना मी आत्या म्हणते. कोऱ्हाळ्यातल्या रानात ऊस आणि वांगी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सत्तरी ओलांडली, तरी समुद्र काही पाहिला नव्हता.

नील बेटावर सकाळी बोटीतून उतरलो आणि आधी बाजारात शिरलो. रस्ता संपला की बाजारही संपतो, एवढाच तो. एका बंगाली बाईपुढे वांग्यांचा ढीग बघून आत्या थबकल्या. एक वांगं उचललं, देठ फिरवून बघितला.

"चारी बाजूंनी खारं पाणी, आन् मधी वांगी? ह्यांना गोडं पाणी कुठनं येतं?"

ह्यांनी हिंदीत विचारलं. त्या बाईनं मागच्या शेताकडे हात केला. तिथं विहीर होती. आत्या बांधापर्यंत गेल्या आणि विहिरीत वाकून पाहिलं. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर लग्नघरात शिरल्यासारखी उत्सुकता होती.

पलीकडे शंख-शिंपल्यांचं दुकान होतं. दुकानदारानं मोठा शंख त्यांच्या हातात दिला. आतला गुलाबी वळसा त्या बोटानं चाचपत राहिल्या.

"ह्यो कुनी कोरला?"

"कोणी नाही आत्या. आत जो जीव राहतो ना, तोच बांधतो."

त्यांनी शंख दोन्ही हातांनी जपून परत ठेवला. "घ्यायचा का?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "नगं बाई. त्याचं घर हाय त्ये."

दुपारी ओहोटीच्या वेळेला किनाऱ्यावर गेलो, तर समुद्र पार लांब गेलेला. जिथं पाणी असायला हवं तिथं खडक आणि प्रवाळ, मधेमधे काचेसारख्या नितळ पाण्याची डबकी. वाट दाखवायला गावातलीच एक बाई सोबत घेतली. "पाय बघून टाका, इथं सगळं जिवंत आहे," ती हिंदीत म्हणाली.

एका डबक्यात निळा तारामासा होता. दुसऱ्यात मोठा शिंपला तोंड उघडून बसलेला, आतून जांभळ्या मखमलीचा. आत्यांची सावली त्याच्यावर पडली, तसा तो हळूच मिटला. त्या चटकन मागे सरल्या, लांबून वाट बघत बसल्या. तो पुन्हा उघडला तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मला बघितलं त्यानं!"

मग तिथंच खडकावर बसून त्या बोलायला लागल्या. त्यांचं माहेर इंदापूरकडचं, भीमेकाठचं. त्यांचं लग्न झालं आणि मागे गाव धरणाच्या पाण्यात गेलं, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"दुष्काळात पाणी आटलं की देवळाचा कळस वर यायचा. माझा भाऊ मला न्यायचा बघायला. आमची चूल कुठं, गोठा कुठं, समदं दावायचा. पर नुस्ता चिखुल गं, आन् दगडं. मला वाटायचं, पाण्याखाली गेलं की समदं मरतंच." त्यांनी डबक्याकडे बोट केलं. "आन् हितं बघ. हितं तर नांदतंय!"

ह्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"ह्ये रोज असं उघडं पडतं?" आत्यांनी त्या बाईला मराठीतच विचारलं. तिला कसं कळलं कोण जाणे. "रोज," ती म्हणाली, आणि पाणी परत यायला लागलंय, निघा, अशी खूण केली.

आम्ही वाळूवर येऊन उभे राहिलो. पाणी आवाज न करता फटीफटींतून आलं. आधी डबकी एकमेकांना मिळाली, मग खडक बुडाले. आत्या पदर डोक्यावर घेऊन एकटक बघत होत्या. थोड्या वेळानं समोर नुसता निळा समुद्र पसरला. शिंपला कुठल्या बाजूला होता, ते आता आम्हाला सांगता आलं नसतं.