वानराचे टाके

वसमतचे ढोरांचे डॉक्टर आमच्या हट्टा गावाला आले, की आधी मारुतीच्या पारावर जायचे. डोक्यावर रुमी टोपी, हातात काडी. तिथं राहणाऱ्या वानरांची लेंडी काडीनं फोडायचे आणि हरवलेली अंगठी सापडल्यासारखे ओरडायचे, "जंत!" रानातल्या जनावराला जंत होत न्हाईत, असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकंच फिरायचं.

एका पावसाळ्यात वानरं एकामागून एक मरायला लागली. त्यातल्या एकाची तिरडी फुलांनी सजली, भजन सुरू झालं, तेवढ्यात डॉक्टर आले.

"पोट उघडून बघू द्या. बाकीची तरी वाचतील."

भजन थांबलं. निजामाच्या राज्यातले ते शेवटचे दिवस, आणि मारुतीच्या वानरावर मुसलमानानं सुरी चालवायची!

म्हातारा गुरव उठला. "बघा साहेब. पण परत शिवून द्या, बराबर."

देवळामागं सतरंजीचा आडोसा धरला. बऱ्याच वेळानं डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "जंतांनीच मारलं. औषध देतो, गुळातून चारा बाकीच्यांना."

तिरडी उठली. टाळकरी रंगात आले, पावलं झपाझप पडायला लागली. तिरडीला हात लावून चालणारे डॉक्टर एकदम खेकसले, "अरे हळू चला, टाके कच्चे हायत!"

सगळा गाव हळू झाला. टाळांची लयसुद्धा उतरली.