पलीकडचा खटका

मालातली खोट दिसली की लगेच तोंड उघडायचं नाही, हे मी आठवडी बाजारात शिकलो. ती मनात ठेवायची आणि सौदा अडला की बाहेर काढायची. कुलपं, बिजागऱ्या, खिळे विकत मी सिंदेवाही-मूलच्या बाजारांतून वर आलो आणि नागभीडला स्वतःचं हार्डवेअरचं दुकान टाकलं, ते या सवयीच्या जोरावर. एक मित्र घालवला तोही याच सवयीनं. त्यात चूक माझी किती आणि त्याची किती, हा वाद मी अजून मनातल्या मनात घालत असतो.

तो मोटारींची वाइंडिंग करायचा. जळालेले पंखे, शेतातले पंप, पिठाच्या गिरणीची मोटार. आमची ओळख छोट्या लाईनच्या गाडीत झाली. माझ्याकडे लोखंडाचं गाठोडं, त्याच्याकडे तांब्याच्या तारेची रिळं. सामान दोघांचंही जड, म्हणून दोघंही दाराजवळच्या बाकावर. ती गाडी इतकी हळू चालायची की चढावर तो उतरून तिच्या बरोबरीनं चालायचा आणि मला म्हणायचा, "भाऊ, तुमी बसा, मी पुढं जाऊन सिंदेवाहीले चहा सांगतो."

पुढं मोठी लाईन आली आणि छोटीचे रूळ उखडले गेले. तोवर माझं दुकान चालायला लागलं होतं आणि बाजाराला जायची मला गरजही नव्हती. तरी त्या दिवशी मला करमलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गडचांदूरच्या सिमेंट कॉलनीत एका साहेबाची बदली झाली. तो घरातलं सामान विकत होता. मी लोखंडी कपाटासाठी गेलो, तर कोपऱ्यात एक खोकं होतं. त्यात हातभर लांबीचे रूळ, चार डबे आणि मुठीएवढं इंजिन. मी त्याला हातसुद्धा लावला नाही. पायानं सरकवलं आणि विचारलं, "हे बी फेकूनच द्यायचं हाये काय?" कपाटाच्या सौद्यात ते खोकं मी फुकटात ओढलं.

वीज देणारं यंत्र मात्र त्यात नव्हतं. साहेबानं ते मुद्दाम काढून ठेवलं असावं असं मला आजही वाटतं. मित्रानं खोकं पाहिलं आणि हसला. "यंत्र कायले पाहिजे? मी हाये नं."

दुकानाच्या वरच्या खोलीत मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लायवूड ठोकलं. अलीकडे आमचं स्टेशन, मधे सिंदेवाही आणि मूल, पलीकडच्या टोकाला, चांदाफोर्टच्या जागी, प्लास्टरचा डोंगर. ट्रान्सफॉर्मर त्यानं स्वतः गुंडाळला आणि अधिक-उणे मिळावेत म्हणून त्याला डायोड जोडले. वेग कमी-जास्त करायला शेगडीची कॉइल वापरली. मधे जीपचा एक बल्ब लावला. कुठं तारेला तार भिडली तर बल्ब पेटेल, बाकी काही जळणार नाही, असं त्यानं सांगितलं.

माझी अट एकच होती. "गाडी गेली त्याच लाईननं परत आली पाहिजे आणि इंजिन पुढं ठेवून आली पाहिजे. मांगं मांगं सरकणारी गाडी मले नाई पाहिजे."

"म्हणजे डोंगराच्या आतून फेरा मारून?"

"व्हय."

त्यानं डोकं खाजवलं. "भाऊ, एक रूळ अधिक, एक उणे. फेरा मारून लाईन आपल्यालेच येऊन मिळाली की डावा रूळ उजव्याले भिडते. शॉट होते."

"मंग तू कायले हायेस?"

"करतो. पण खटके वाढतीन."

"माझ्यासमोर एकच बटन ठेव. मले पॉवरहाऊस नाई उघडायचं."

त्यानं फळीखाली वाकून पाहिलं. "ठीक हाये. एक खटका माझ्या बाजूनं ठेवतो."

ठेव, म्हणालो. तो खटका कशाचा, हे मी विचारलं नाही.

पुढचं वर्षभर दर रविवारी दुपारी आम्ही गाडी चालवली. फळी दोन्ही बाजूंच्या भिंतींना भिडलेली, त्यामुळे पलीकडे जायचं तर खालून रांगत जावं लागे. तो रांगत जायचा आणि डोंगरामागे तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसायचा. मी अलीकडे खुर्चीत. मी बटन फिरवलं की गाडी निघायची, मूल सोडून डोंगरात शिरायची आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर यायची. तिथला रूळ बदलायचा सांधा त्यानं बॉलपेनच्या स्प्रिंगवर बसवला होता, गाडी तो आपणच ढकलून सरळ लाईनला लागायची. स्टेशनात आली की मी इंजिन उचलून दुसऱ्या टोकाला लावायचो आणि पुन्हा सोडायचो. गाडी मी नेतो आणि मीच आणतो, असं मला वाटायचं.

एकदा तो पलीकडून म्हणाला, "भाऊ, माझाबी एक हात लागते बरं."

मला वाटलं, काहीतरी मागायची ही सुरुवात आहे. मागणाऱ्याचा आवाज मी लांबून ओळखतो. "चहा पेलास नं?" मी म्हणालो. तो हसला. पुन्हा तो विषय निघाला नाही.

मग दिवाळी आली. गावातल्या मोठ्या दुकानदारांना मी फराळाला बोलावलं होतं. मी गाठोडं घेऊन फिरायचो तेव्हा यातल्या काहींनी मला ओट्यावर बसू दिलं नव्हतं. त्यांना गाडी दाखवायची होती. दोन दिवस आधी मी रॉकेलच्या फडक्यानं रूळ पुसत होतो, तर डोंगराच्या तोंडाशी फडक्याचा धागा अडकला. पाहिलं तर दोन्ही रुळांना समोरासमोर करवतीचा छेद. नखाएवढा.

मला वाटलं, याची करवत घसरली आणि यानं ते लपवलं. राग आला, पण मी बोललो नाही. खोट हातात आली होती, ती वेळेला वापरायची होती. कथलाचा डाग द्यायला त्यानंच मला शिकवलं होतं. मी दोन्ही छेद डागानं भरले आणि कानशीनं घासून गुळगुळीत केले. माझं काम त्याच्यापेक्षा सुबक झालं, याचा मला आनंदही झाला.

दिवाळीच्या दुपारी खोलीत आठ-दहा माणसं दाटीनं उभी होती. मित्र नवा सदरा घालून फळीखालून रांगत आपल्या जागी गेला, तेव्हा कोणीतरी हसलं. मी बटन फिरवलं. गाडी निघाली, सिंदेवाही गेलं, मूल गेलं. शेवटचा डबा डोंगरात शिरला आणि मित्राचा हात फळीखाली गेला. त्याच क्षणी गाडी थांबली. जीपचा बल्ब लख्ख पेटला.

मंडळींना वाटलं हाही खेळाचा भाग. एकानं टाळी वाजवली. दुसरा म्हणाला, "काहो सेठ, गाडी चांदाफोर्टलेच मुक्कामी राह्यते काय?" सगळे हसले.

मित्रानं हात काढला, पुन्हा घातला. बल्ब विझला, मग पुन्हा पेटला. "तार भिडली कुठी तरी," तो पुटपुटला.

"तार नाई भिडली," मी ओरडलो. "तू हात घातला अन् गाडी बंद पडली. मी पाह्यलं. वर्षभर चाललेली गाडी आजच काऊन बंद पडते?"

"भाऊ, रोजचाच हात हाये तो."

"रोजचा? रोज काय करतं तू तिथं बसून? रूळ कापतं अन् लपवतं, तेबी मले मालूम हाये."

ठेवणीतली खोट मी अशी सगळ्यांसमोर बाहेर काढली. त्याला ती धड कळलीही नसावी, कारण भरल्या छेदावर आता काही दिसत नव्हतं. त्यानं एकदा रुळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग फळीखालून रांगत आला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "येतो सेठ."

इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा सेठ म्हटलं. ओरडण्यापेक्षा ते मला जास्त लागलं आणि त्याचाच मी राग धरला. खटका उडाला म्हणून काय, भांडायला तरी यायचं होतं. पुढं कळलं, तो अहेरीला गेला. तिथं वाइंडिंगचं काम करणारं कोणी नव्हतं म्हणे.

बरीच वर्षं खोली बंद होती. छत गळायला लागलं म्हणून फळी हलवायला घेतली. दोन माणसांनी ती उभी केली आणि मला तिची खालची बाजू पहिल्यांदा दिसली. लाल, निळ्या, पिवळ्या तारा खिळ्यांना बांधून ओळीत नेलेल्या. जागोजागी सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेलं. मी बुजवलेल्या छेदाच्या बरोबर खाली: "खाच हाये. जोडू नये." दुसऱ्या दोन खाचा डोंगराच्या आत होत्या, तिथंही तेच. आणि त्याच्या बाजूच्या खटक्याखाली: "गाडी पूर्ण आत गेल्यावर."

मी तारांवरून बोट फिरवत गेलो. तो खटका दाबला की मागच्या सरळ लाईनचे अधिक-उणे उलटे होत होते आणि परतणाऱ्या गाडीला वाट मिळत होती. खाचांमुळे डोंगरातला फेरा सरळ लाईनपासून तुटलेला राहत होता; मी त्या भरल्या, म्हणून त्या दिवशी त्यानं खटका दाबताच डावा रूळ उजव्याला भिडला. वर्षभर प्रत्येक गाडी परत आणली होती ती त्यानं.

हॅक्सॉचं पातं घेऊन मी खाचा मोकळ्या केल्या. छत दुरुस्त झाल्यावर गाडी लावली. एकट्यानं चालवायची तर ती डोंगरात थांबवावी लागते. मग फळीखालून रांगत पलीकडे जायचं, खटका दाबायचा, रांगत परत यायचं आणि बटन फिरवायचं. तार वाढवून खटका अलीकडे आणता येईल. अजून आणलेला नाही.

त्यानंतर एकदा मी अहेरीला गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून दुकानातला एक जळालेला पंखा घेतला. तो बाकावर तारा गुंडाळत बसला होता. दाढी पांढरी झाली होती. त्यानं पंखा खोलला, पाहिला आणि भाव सांगितला.

"बहुत सांगून राह्यला," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. चाळीस वर्षांची जीभ.

"परवडत असन तं ठेवा, सेठ."

ठेवला. निघता निघता धीर करून म्हणालो, "खाच मीच भरली होती. पण तू खालून काऊन लिवलं? वर लिवलं असतं तं मले दिसलं असतं."

तो तार गुंडाळतच राहिला. "वर तुमी कोणाले लिवू देता?"

यावर उत्तर होतं. मला ते बसमध्ये सुचलं, आल्लापल्लीच्याही पुढं.

पंखा आणायला मी स्वतः जायला हवं होतं. त्या आठवड्यात दुकानात माल उतरत होता, म्हणून मी माझा गडी पाठवला. खरं तर माल दर आठवड्यालाच उतरतो. गडी पंखा घेऊन आला आणि म्हणाला, "ते वाइंडिंगवाले चाचा विचारत होते, गाडी चालू हाये का म्हणून."

"मंग तू काय सांगितलं?"

"मी म्हटलं, सेठजीकडं गाडी नाई, स्कूटर हाये."