उगारलेली चप्पल आणि चौदा दिवस अनवाणी

परवा अनगोळात एका घरी पार्सल द्यायला गेलो आणि गेटातच थबकलो. अंगणात फिकट हिरवी स्कूटर उभी... तीच. जिच्या मालकावर मी चप्पल उगारली होती.

आधी मागचं सांगतो. मी येळ्ळूरचा. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकलं, आता बाईकवरून पार्सलं पोचवतो. डोकं तापट आहे हे घरचे म्हणतात, मित्र म्हणतात, आणि जिच्यावर माझा जीव आहे ती तर आठवड्यातून दोनदा म्हणायची.

त्या दिवशी ती माझ्या मागे बसली होती. नाक्यावर ही स्कूटर इंडिकेटर न देताच वळली, मी कचकन ब्रेक दाबला, तिचं कपाळ माझ्या हेल्मेटवर आपटलं. बस्स... उतरलो, चप्पल हातात घेतली आणि साठी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडासमोर नेली. मारली नाही. पण भर चौकात, चारचौघांत उगारली.

वळून बघतो तर ती रिक्षात बसत होती. "उद्या माझ्या आप्पांवर चिडलास तर?" एवढंच म्हणाली. त्यानंतर फोन उचलला नाही. मेसेज वाचायची, उत्तर नाही...

माझं प्रायश्चित्तही माझ्यासारखंच, रागाच्या भरात ठरलेलं. त्याच संध्याकाळी चप्पल माळ्यावर भिरकावली आणि ठरवलं, एकवीस दिवस अनवाणी. तिला मेसेज करून कळवलंसुद्धा! म्हटलं, विरघळेल.

ती काही विरघळली नाही, माझे तळवे मात्र सोलले. दुपारचं डांबर म्हणजे तवा. गिअर टाकताना अंगठ्याचं साल निघायचं. पिरनवाडीच्या बाजूला नवी घरं होतायत तिथं नुसती खडी, आणि अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये फरशी बर्फासारखी... आपल्या पायांना एवढं सगळं कळतं हे इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

मग नवरात्र बसलं आणि वेगळीच गंमत झाली. सगळ्यांना वाटलं, पोरगं देवीसाठी अनवाणी आहे. ऑफिसातले साहेब ओरडायचे थांबले. चहावाले मामा सावलीत बसवायचे, म्हाताऱ्या बायका हात जोडायच्या. "देवीचं व्हय रं?" कुणी विचारलं की मी मान खाली घालून "व्हय" म्हणायचो. फुकटचा मान कुणाला नको असतो...

तर परवा चौदावा दिवस. पार्सल गेटात ठेवून पळावं असं वाटलं, पण ओटीपी लागणार होता. बेल वाजवली. दार त्यांनीच उघडलं. निवृत्त मास्तर आहेत हे दारावरच्या पाटीमुळे कळलं. नाक्यावर माझ्या हेल्मेटची काच खाली होती, त्यामुळे त्यांनी ओळखलं नाही. त्यांची नजर गेली ती पायांकडे.

"अगं, पाणी आण जरा. पोराचे पाय बघ काय झालेत!"

त्यांची बायको तांब्या घेऊन आली. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते, हे नंतर कळलं. मला पायरीवर उभं करून त्या पायांवर पाणी ओतू लागल्या, आणि सर वाकून माझ्या टाचेत रुतलेला खडा बघू लागले. ज्या माणसावर चप्पल उगारली तो माझ्या पायाशी वाकलेला... मला उभं राहवेना.

"सर, वाकू नका. नाक्यावर तुमच्यावर चप्पल उगारली तो मीच."

तांब्या थांबला. सर सावकाश सरळ झाले. पहिल्यांदा आक्काच बोलल्या, "मग पायावर कशाला? डोक्यावर ओतायला पायजे व्हतं की रं!"

सर हसले नाहीत. म्हणाले, "त्या दिवशी ही माझ्या मागं बसली होती. तेव्हापासनं गाडीवर बसत न्हाय. बाजार सुटला, बहिणीकडं जाणं सुटलं. तुझे पाय भाजले म्हणून हिची भीती गेली व्हय?"

त्यांच्या मागे कुणी बसलं होतं हेसुद्धा मला दिसलं नव्हतं. चौदा दिवस मी जिच्यावर जीव आहे तिला दाखवायला अनवाणी हिंडलो... या दोघांची आठवण एकदाही आली नाही. पाया पडायला वाकलो तर सरांनी पाय मागे घेतले.

आक्का आत गेल्या. वाटलं, आता दार बंद होणार. तर बाहेर आल्या त्या एका हातात बाजाराची पिशवी आणि दुसऱ्या हातात चपला घेऊन.

"आमच्या थोरल्याच्या हाईत, बेंगळूरला असतो त्यो. घाल. आन् पायातच ऱ्हाऊ देत." मग माझ्या बाईककडे बघून म्हणाल्या, "चल, मला बाजारात सोड. ज्यानं भ्या घातलं त्यानंच काढायचं."

सर "अगं, अगं" करत राहिले. "तुम्ही आधी इंडिकेटर द्यायला शिका," म्हणत आक्का बसल्यासुद्धा.

वीसच्या वर गेलो नाही. आक्कांनी माझा शर्ट असा मुठीत धरला होता की कॉलर गळ्याला काचत होती. मधेच एक टेम्पो हॉर्न मारत अगदी घासून गेला... एरवी मी काय केलं असतं ते माझं मला माहीत. या वेळी डावीकडे घेतलं आणि जाऊ दिलं. थोडं पुढं गेल्यावर कॉलर सैल झाली. मागून आवाज आला, "मेथी मिळंल का रं या वेळंला?"

संध्याकाळी हे सगळं तिला लिहून पाठवलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, 'मला काय सांगतोस? उगारलीस तेव्हा चार माणसं बघत होती. त्यांना सांग.' म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिलं. ती परत बोलेल की नाही, ठाऊक नाही. सरांनीही अजून माफ केलेलं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

पण आक्का, बाजारात उतरताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात टेकलात ना... राग डोक्यात चढायला लागला की तो हात मला आठवू दे, देवीकडं यंदा एवढंच मागणं आहे.