कडुनिंबाखालचा ओटा

अमरावती-अकोल्याकडच्या लेखक-कवींच्या जागा दाखवणारा नकाशा आमच्या वाचनमंडळाने करायला घेतला, आणि कॉलेजातून निवृत्त झालेली मी त्यात हौसेने पडले. गावोगाव जाऊन लोकांनाच विचारायचं, असं ठरलं होतं. भातकुलीकडे, अंजनगावकडे लोकांनी हाताला धरून जागा दाखवल्या. बाळापूरजवळच्या एका गावात मात्र मला भर चौकात ओकारी झाली.

त्या गावच्या बौद्ध वस्तीत एक शाहीर होऊन गेले. त्यांची गाणी लग्नात, जयंतीला अजून म्हणतात. त्यांच्या साठीतल्या मुलीने मला चौकातला कडुनिंबाखालचा दगडी ओटा दाखवला. "माहा बाप इथीच बसून गाणे जोडे," ती म्हणाली. "लोकं उठवत, तो पुन्हा येऊन बसे." मी फोटो काढले, जागा नोंदवली.

पुढच्या आठवड्यात तिथे शाहिरांच्या नावाची पाटी लावायला गेले, तर ओट्यावर मेलेलं कुत्रं. पाय सुतळीने बांधलेले, म्हणजे कोणीतरी आणून ठेवलेलं. पोट फुगून फुटलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. मी बाजूला जाऊन ओकले. समोरच्या पानठेल्यावरून माजी सरपंच ओरडला, "काहून मॅडम, कवीची जागा पसंत नाई आली काय?" सगळे हसले. त्यात गावच्या शाळेचे गुरुजीही होते, तोंडातली सुपारी सावरत हसत होते.

शाहिरांची मुलगी बायकांना घेऊन आली. मी बादली उचलायला गेले तर म्हणाली, "तुमी दूर व्हा मॅडम. आमाले सवय हाये." त्या कुत्र्यापेक्षा या शब्दांनी मला जास्त मळमळलं. मी बादली सोडली नाही. ओटा आम्ही मिळून धुतला.

अकोल्याच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. अध्यक्ष कचोरी खात होते. बोटं त्यांनी नकाशाच्या कच्च्या प्रतीलाच पुसली. "वाद कशाला ओढवून घ्यायचा? आणि ती गाणीच ना शेवटी, साहित्य थोडंच." त्या गावावर ठिपका होता, पण तो माजी सरपंचाच्या वडिलांच्या घरावर. या वडिलांनी स्वतःवरच एक पुस्तक छापून घेतलं होतं.

"मग माझं नाव काढा," मी म्हणाले.

"काढतो," ते म्हणाले आणि चटणीकडे हात नेला. बाकीचे खाली मान घालून खात राहिले. इतकी वर्षं यांच्यासोबत बसून मी कविता वाचल्या, याचीच शिसारी आली.

नकाशा छापून झाला, थाटात प्रकाशित झाला. मी गेले नाही, मंडळही सोडलं. मध्यंतरी शाहिरांच्या मुलीचा फोन आला. वस्तीतल्या बायकांनी मोबाइलवरच्या नकाशात ओट्याची जागा वडिलांच्या नावाने टाकली होती. कोणीतरी ती चुकीची म्हणून कळवली आणि ती नकाशावरून गेली.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, पुन्हा टाकली. त्यायले काढू द्या. आमी टाकूनच राहिलो."